जीवदया

सहासष्टच्या दिवाळीच्या सुट्टीत जळगावच्या सुगनबाई सहकुटुंब सातपुड्यात वाघ बघायला आल्या. वाटाड्या झुलालनं मचाणाखाली घरचंच पारडू बांधलं. ते ओरडायला लागलं, तशा बाई खाली उतरल्या. “आम्ही जैन माणसं. असला वाघ नको आम्हाला,” म्हणत त्यांनी स्वतःच्या हातानं दावं सोडलं. पारडू गावाकडं पळालं. वाघ न बघताच मंडळी पुण्य घेऊन परतली.

पुढच्या दिवाळीत बाई पारड्यासाठी सरकीची पेंड घेऊन झुलालच्या दारात आल्या.

“पोचलं होतं ना रे ते घरी?”

“पोचनं, बाई. मनी बायको गोठामा धार काढाले बसेल व्हती, तिना जवळच पयत उनं.” झुलालनं पेंड खाली ठेवली. “त्याना मांगे वाघ उना.”