भिंतीचं वळण

कुंपणाच्या भिंतीची रेघ काही केल्या ऐकेना. नकाशे काढून सूनबाईची अर्धी उमर गेली होती, पण कॉम्प्युटरवर ग्रिड लावलेली दहा सेंटिमीटरची. माउस सोडला की रेघ टुणकन ग्रिडच्या जवळच्या चौकटीवर उडी मारायची. कधी अंजिराच्या खोडात घुसायची, कधी थेट शेजाऱ्यांच्या हद्दीत जाऊन बसायची. मागे खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांचं एकच पालुपद चाललं होतं, "तुझ्या सासूच्या हातचं झाड आहे गं. तिच्यामागं तेवढंच उरलंय. त्याला धक्का लागायला नको."

शेवटी तिने ग्रिड एका सेंटिमीटरवर आणली, तेव्हा कुठे रेघ खोडाला अलगद वळसा घालून पुढे गेली. सासऱ्यांनी पडद्यावरच्या त्या वळणावरून बोट फिरवलं. "आता माझ्या जिवाला घोर नाही," म्हणाले. तिनेही नकाशा देताना मिस्त्रींना तीन-तीनदा बजावलं, "वळणात सेंटिमीटरचाही फरक चालणार नाही."

चौथ्या दिवशी दोघं प्लॉटवर गेली, तर मिस्त्रींनी फाटकातच तिच्या हातात टेप ठेवली. "मोजून घ्या ताई. वळणात सेंटिमीटरचा जरी फरक निघाला, तर माझ्या खर्चाने पाडून परत बांधतो."

मग सासऱ्यांकडे वळून हसत म्हणाले, "आखणीची दोरी ताणायला ते अंजिराचं झाड तेवढं मध्ये येत होतं, ते पहिल्याच दिवशी मुळासकट काढून टाकलं."