विकतचा समुद्र

मेलेली लाल कोळंबी गुरुप्रसादने चारुताच्या ताटाशेजारी आपटली आणि म्हणाला, "घे, हिचीय आमटी कर. हीपण मेली."

चारुताने तोंडातला घास सावकाश चावून गिळला आणि ताट बाजूला सरकवलं.  महिनाभर टाकीतलं काही मेलं की ती अशीच शांतपणे जेवत राहायची, आणि त्यामुळे त्याचं डोकं जास्तच फिरत होतं.

तारकर्लीच्या या नवरा-बायकोच्या लॉजमध्ये पाहुणा शिरला की त्याला आधी ती टाकी दिसायची. सहा फुटांची काच, निळे दिवे, रात्रंदिवस घुरघुरणारे पंप. खरा समुद्र रस्त्यापलीकडे फुकट पसरलेला, आणि हा शहाणा कोल्हापूरच्या दुकानदाराकडून मिठाच्या पिशव्या मागवून बादलीत खारं पाणी कालवायचा. किनाऱ्याच्या पाण्यात बोटींचं डिझेल असतं, असं त्याचं म्हणणं. मिठापाठोपाठ जोकर मासे आले, समुद्रफुलं आली, कोळंब्या आल्या. मग जिवंत प्रवाळ यायला लागलं. मूठभर प्रवाळाचा तुकडा, पण किंमत दुभत्या गाईची.

हौसेला मोल नाही म्हणतात. इथे ते मोल चारुताच्या हातातून उतरलं. आधी तिच्या पाटल्या गेल्या, मग लॉजच्या छपराची दुरुस्ती राहिली. आणि एवढं करून गेल्या महिन्यापासून टाकीत मरतूक सुरू झाली. प्रवाळ पांढरंफटक पडलं, समुद्रफुलं लिबलिबीत होऊन गळली. दुसरा कोणी असता तर कानाला खडा लावला असता. गुरुप्रसादने टाकी नव्याने भरायचं ठरवलं आणि त्यासाठी चारुताच्या मिठबावच्या आंबाबागेला गिऱ्हाईक शोधलं.

ती बाग तिच्या वडिलांनी तिच्या नावावर केली होती. त्यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले होते, डोक्यावरून माती वाहून आणली होती आणि एकेक कलम तान्ह्या पोरासारखं वाढवलं होतं. ती झाडं विकून काचेत मासे सोडायचे! नुसत्या विचाराने चारुताच्या मस्तकाची शीर उठायची. तिने सहीला साफ नकार दिला होता. वर रागाच्या भरात चार पाहुण्यांदेखत म्हणाली होती, "एक दिवस ह्या टाकीत फिनेल ओततलंय."

तेच आता तिच्या अंगावर आलं होतं.

"फिनेलचा नाव कोणी काढल्यान? तूच मां?" गुरुप्रसाद ओरडला. "टाकीत काय घातलंस ता सांग!"

"हयसर नाय सांगूचंय. देवळात चला. रवळनाथासमोर सांगतंय."

तो क्षणभर चपापला. "आणि देवान डावो कौल दिल्यान तर?"

"तर बागेच्या कागदावर सही करतंय. पण उजवो दिल्यान तर बागेचा नाव काढूचा नाय. कबूल?"

"कबूल!"

सोमवारी सकाळी देवळात दहा-बारा माणसं होती. गावचे मानकरी बाबलीकाका पुढे झाले. तिशी उलटलेल्या या नवरा-बायकोची लग्नगाठ त्यांच्याच समोर पडली होती. दोघांकडे त्यांनी नाराजीने पाहिलं आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज भांडान तुझ्या दारात इली हत. खरा काय नि खोटा काय, ता तूच निवड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माणसं म्हणाली.

चारुताने दोन्ही हात जोडले. ती पुढे झाली, पण मान खाली घातली नाही.

"म्हाराजा, मी टाकीत फिनेल घातलंय नाय. बाजारातला कसलाच वीख घातलंय नाय. देवघरातलो तांब्यो कोकमाच्या सोलांनी घासतंय, रातभर तुझ्याफुडे पाणी भरून ठेवतंय आणि सकाळी ता पाणी टाकीत ओततंय. रोज ओततंय. दुसरा काय एक केलंय नाय."

 एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. गुरुप्रसादचा चेहरा पडला.

पुजाऱ्याने पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओले तांदूळ लावले. उजवा आधी सुटला तर तिचं बोलणं खरं, डावा सुटला तर खोटं. उजवीकडचा दाणा सुटला आणि खाली पडला.

"उजवो कौल!" बाबलीकाका गरजले आणि गुरुप्रसादकडे वळले. "लाज नाय वाटाक रे तुका? तू बायलेवर आळ घेतंस, आणि ती तुझ्या माशांका देवाचा पाणी घालता! बागेचा नाव परत काढलंस तर माझ्याशी गाठ आसा. आणि उद्यापासून ता पाणी तूच घाल. सकाळ-सांज घाल."

गुरुप्रसादने सगळ्यांसमोर कान धरले. घरी येईपर्यंत त्याने मान वर केली नाही. दारात पोचल्यावर हळूच म्हणाला, "चुकलंय गो." चारुता चपला काढून आत गेली. त्याचा राग निवला होता, तिचा निवला नव्हता. पाटल्या गेल्या त्या गेल्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी तो अंघोळ करून देवघरात गेला, लालसर चकाकणारा तांब्या दोन्ही हातांत धरून बाहेर आला आणि शेवटच्या थेंबापर्यंत टाकीत रिकामा केला. मग डोळे मिटून हात जोडले.

चारुता स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी होती. टाकीतला पहिला जीव मेला त्याच्या आदल्या आठवड्यात नवरा बाजारात असताना कोल्हापूरच्या दुकानदाराचा फोन आला होता, आणि तो तिने घेतला होता: "वहिनी, साहेबांना एवढा निरोप द्याच. पाण्यात तांब्याच्या भांड्यातला थेंबसुद्धा जाऊ देऊ नका, नाहीतर टाकीत एक जीव वाचायचा नाही."