वर एक मूठ

ज्ञानेश्वरने भिंतीवरच्या डब्याचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, पंप नेहमीसारखा घुरघुरू लागला, आणि बाकी काहीच झालं नाही.

"एवढंच?" पारसमल शेठ म्हणाले. काल त्यांच्या डोळ्यांदेखत बंगल्यामागच्या पोहण्याच्या तलावात मिठाची पोती रिकामी झाली होती. मीठ विरघळावं म्हणून रात्रभर पंप चालू ठेवला होता. आता निदान पाण्याचा रंग तरी बदलेल, अशी त्यांची समजूत होती. "आणि पावडर कधी टाकायची?"

"पावडर बंद, शेठजी. हे मशीन पाण्यातल्या मिठातूनच क्लोरीन काढतं. थोडं थोडं, लागेल तेवढंच." मशीन बसवायला धुळ्याहून आलेला ज्ञानेश्वर पाने-पकडी पिशवीत भरत होता. "आत्तापर्यंत कोण टाकायचं पावडर?"

"मीच. दुसऱ्यावर कशी सोडणार? डब्यावर लिहिलंय तेवढी, रोज मोजून." शेठ थांबले, मग जरा अभिमानानेच म्हणाले, "आणि वर एक मूठ."

"वर कशाला?"

"अख्ख्या चोपडा गावात कुणालाही विचारा. काटा बरोबर आला म्हणून आमच्या धान्याच्या दुकानाने माप तिथेच सोडलंय, असं कधी झालं नाही. गिऱ्हाइकाला वर एक मूठ जातेच."

ज्ञानेश्वर हसला नाही. "धान्याचं ठीक आहे, शेठजी. पण हे रोज जास्त पडत गेलं म्हणजे अंगाची आग झाली असेल कुणाच्या तरी."

कुणाच्या, ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. शेठजींच्या पत्नीची, हीराबाईंची, देखभाल करणारी ताईबाई काठावर टॉवेल घेऊन उभी होती. तिच्या मनगटांवरचे डाग अजून गेले नव्हते.

अर्धांगाच्या झटक्यानंतर हीराबाईंचा डावा पाय जमिनीवर फरफटायचा, पण पाण्यात, ताईबाईने धरलं की, चालायचा. रोज सकाळी ती त्यांना घेऊन उतरायची. मग बाहेर काढायचं, साध्या पाण्याने अंघोळ घालायची, कोरडं करायचं, साडी नेसवायची. तोवर ताईबाईच्या अंगावर तीच ओली साडी. अंग खाजायचं. ही कुणाला न सांगता खोबरेल चोळायची. अखेर फोड आले तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर ताईबाईने पाण्यात उतरणं कायमचं बंद. दुसऱ्या कुणाचा हात धरायला हीराबाई तयार नव्हत्या, आणि पाय पुन्हा आखडू लागला होता. म्हणून तर हा मिठाचा खटाटोप.

"आणि मी हिला साबण बदलायला सांगितलं होतं," शेठ हळूच म्हणाले. ते खाली बघत राहिले. असे खाली बघणारे शेठ बाजारात कुणी पाहिले नसतील.

"जाऊ द्या शेठ," ताईबाई म्हणाली. "तुमना हातच सैल शे, त्याले काय करशात? बठ्ठा गावनी ती मूठ खायेल शे." आणि तिने टॉवेल खुर्चीवर टाकून पदर खोचला.

"थांब," खुर्चीत बसलेल्या हीराबाई म्हणाल्या. "आज आधी मी."

"अक्का, पडी जाशात."

"पडू दे. बाहेर आल्यावर मी ओल्यानेच बसणार आहे, तुझ्यासारखी. संध्याकाळपर्यंत माझं अंग खाजलं नाही, तरच तू पाण्यात पाय टाकायचा."

शेठ हात द्यायला पुढे झाले. "तुम्ही राहू द्या," हीराबाईंनी त्यांना बाजूला केलं आणि पायऱ्यांचा स्टीलचा कठडा धरला. "साबण बदल म्हणे. अहो, हिने माझ्यासाठी अंग सोलून घेतलं आणि शब्दाने बोलली नाही. मी आज खुर्चीतून उठून उभी राहते, ती हिच्यामुळे. पोटच्या पोरीनेही केलं नसतं एवढं. आणि दुकानातली मूठ दुकानात ठेवावी माणसाने, पाण्याला कशाला दानत दाखवायची?" बोलता बोलता त्या एकेक पायरी उतरत होत्या. शेठ मान हलवत होते. हे सगळं त्यांना मान्यच होतं.

पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा हीराबाई काठाकडे वळल्या. चांगला हात त्यांनी पाण्यातून वर काढला आणि ताईबाईसमोर धरला.

"बघ. आग नाही, चुरचुर नाही. डोळ्यांनाही काही नाही."

ताईबाई हाताकडे बघतच नव्हती.

"हात काय दखाडतस अक्का," ती म्हणाली. "पाय देखा. कोनी धरेल शे का?"

हीराबाईंनी आधी मागे पाहिलं. कठडा चांगला दोन हात मागे राहिला होता. मग त्यांनी खाली पाहिलं. नितळ पाण्यात डावा पाय उजव्याच्या पुढे, फरशीवर सपाट टेकलेला होता.

शेठनी चष्मा काढला आणि पुसायचा सोडून तो नुसताच हातात धरला. ज्ञानेश्वर पिशवी उचलायची विसरला.

"मंग आते मन्हं काय काम शे?" ताईबाई म्हणाली. ती हसत होती, पण हसू काही पुरतं जमलं नाही.

"काम काही नाही," हीराबाई म्हणाल्या. डोळे त्यांचेही वाहत होते, आणि ते पुसायची त्यांना गरज वाटली नाही. "संध्याकाळी ये. कामाला नको येऊस. पाण्यात ये."