पडद्यावरची सावत्र आई

लग्नाला दोन महिने झाले होते. नवऱ्याच्या सात वर्षांच्या लेकीला घेऊन ती पहिल्यांदाच सिनेमाला आली. परीकथांची टर उडवणारं कार्टून आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. पण पडद्यावर सावत्र आई आली, चिखलात आपटली, राक्षस तिच्या मागे लागला आणि थिएटरभर हशा पिकला. तिला खुर्चीत बसवेना. मुलगीही हसत नव्हती.

"घरी जायचं का गं?" तिने तिसऱ्यांदा विचारलं.

राक्षसाने सावत्र आईला उचलून तोंडाशी नेलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मुलगी ताडकन उभी राहिली आणि पडद्याकडे बघून ओरडली, "अगं, तुझ्या मुलीला हाक मार ना! ती येईल!"