क्लेटनची काडतुसं

वर्लिनच्या हातून काडतुसाची तिसरी पितळी पुंगळी चिरडली गेली, तेव्हा त्याची बायको आर्डिस कॉफी घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी होती.

त्याने चिरडलेली पुंगळी डब्यात टाकली आणि वंगण जास्त झालं म्हणाला. मग म्हणाला, गारठा आहे, बोटं आखडतात. शेगडी पेटलेली होती. आर्डिसने कप ठेवला, पण ती गेली नाही. त्याचा उजवा हात थरथरत होता. वसंत ऋतूपासून थरथरत होता. जेवताना काटा ताटलीवर वाजायचा, आणि दोघंही तो वाजत नसल्यासारखं बोलत राहायची.

रविवारी हरणांची शिकार सुरू व्हायची होती. आदल्या दिवशी वर्लिनचा जुना मित्र क्लेटन येणार होता. क्लेटनकडे आजोबांच्या वेळची रायफल होती. तिची काडतुसं मोंटानातल्या दुकानांतून कधीच हद्दपार झाली होती, आणि नवी रायफल घ्यायला क्लेटन तयार नव्हता. म्हणून दर वर्षी वर्लिन दुसऱ्या, जरा मोठ्या मापाच्या रायफलीच्या वापरलेल्या पुंगळ्या घ्यायचा, त्यांच्या तोंडाकडच्या माना तापवून मऊ करायचा, साच्यात दाबून अरुंद करायचा आणि क्लेटनच्या रायफलीला बसतील अशा करून द्यायचा. क्लेटन त्याबद्दल हरणाचं मागचं तंगडं आणून द्यायचा. असं दोघांच्या लग्नांच्याही आधीपासून चाललं होतं.

"त्याला फोन करतो," वर्लिन म्हणाला. "सांगतो, यंदा पितळ चांगलं मिळालं नाही."

आर्डिस म्हणाली, खोटं बोलायचं तर तू बोल, फोन मी लावून देणार नाही. मग तिने स्वेटरच्या बाह्या वर केल्या.

"मला दाखव कसं करतात."

"इतकी वर्षं या खोलीला भंगारखाना म्हणत आलीस."

"अजूनही आहेच. सरक."

तो सरकला. पहिली पुंगळी तिने जोरात दाबली. पुंगळीच्या खांद्याशी, जिथे ती निमुळती होते तिथे, चुणी पडली. दुसरीचंही तेच झालं. वर्लिनला तिच्या हातातून दाबयंत्राचा दांडा घ्यावासा वाटला, त्याने हात पुढेही केला, आणि मागे घेतला.

"सावकाश," तो म्हणाला. "बाळाच्या डोक्यातून स्वेटर घालतेस ना, तसं. जरा अडलं की थांबायचं. रेटायचं नाही."

"तू कधी घातलास बाळाला स्वेटर?"

"बघितलंय तुला घालताना."

तिसरी पुंगळी नीट उतरली. मान बारीक, सरळ, कुठे सुरकुती नाही. आर्डिस ती खिडकीपाशी घेऊन गेली आणि बराच वेळ बघत राहिली. वर्लिनला हसू आलं, पण त्याने ते कॉफीत लपवलं.

त्यानंतर रोज दुपारी दोघं तिथे बसू लागली. दांडा ती ओढायची, बंदुकीची दारू ती ओतायची. वजनकाट्यावरचा आकडा तो वाचायचा. तयार झालेली प्रत्येक पुंगळी तो चष्मा कपाळावर सारून उजेडात फिरवून बघायचा आणि मानेला केसाएवढी चीर दिसली तरी बाद करायचा. त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं. तिला ती चीर दिसतच नव्हती. त्याने भिंग आणून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, ठीक आहे, पण बोलायची ही पद्धत नव्हे. तो म्हणाला, चुकलं.

शनिवारी क्लेटन आला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसून त्याने डबा उघडला, एकेक काडतूस काढून बोटांत फिरवलं आणि मान डोलावली.

"इतकी सुबक तू आजवर केली नव्हतीस," तो वर्लिनला म्हणाला. "आपण म्हातारे झालो, पण तुझा हात नाही झाला."

आर्डिस शेगडीपाशी पाठमोरी उभी होती. काही बोलायचं नाही, हे तिने आधीच ठरवलं होतं.

वर्लिनचा उजवा हात खिशात होता. क्लेटन आल्यापासून तिथेच होता. त्याने तो बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत राहिला. बशीतला चमचा किणकिणू लागला.

"आर्डिसने केलीत," तो म्हणाला.

क्लेटनने त्या हाताकडे बघितलं. मग डब्याकडे. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्ची आर्डिसच्या दिशेने वळवली.

"एक सांगायचं होतं," तो तिला म्हणाला. "दर वर्षी ही किंचित लांब होतात. रायफलीत चढताना अडकतात. पुढच्या वर्षी गोळी जरा आत बसवशील?"

"दर वर्षी?" वर्लिन म्हणाला.

"पहिल्यापासून."

"आणि आता सांगतोस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि हिला नाही वाटणार?"

"तिने ही पहिल्यांदाच केलीत," क्लेटन म्हणाला. "तिची चूक कुठे आहे."

आर्डिस वळली. हसू दाबून तिचा चेहरा लाल झाला होता. पुढच्या वेळी रायफल सोबत आण, असं तिने त्याला बजावलं. बसवून बघितल्याशिवाय ती कुणाच्या शब्दावर काही करणार नव्हती. वर्लिन पुटपुटत राहिला, की इतकी वर्षं हरणं तर पडतच होती, मग अडकत काय होतं. क्लेटन म्हणाला, पहिली गोळी हाताने भरतो, ती अडकत नव्हती, म्हणून बरं.

मग तो उठला, शेगडीवरची किटली घेऊन आला आणि कॉफी ओतू लागला. आर्डिसचा कप त्याने काठोकाठ भरला, आपलाही भरला. वर्लिनचा मात्र अर्ध्यावरच थांबवला, आणि किटली त्याच्या डाव्या हाताशी ठेवून पुन्हा रायफलीबद्दल बोलू लागला.