स्टीलचा डबा

शिनोलीजवळच्या वाडीत गेल्या वर्षी नर्सबाईंनी अंगणवाडीत बायका जमवून विचारलं, "आईला एचआयव्हीची लागण असली तर बाळाला होऊ नये म्हणून काय करायचं?" सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एकट्या द्रौपदानं धडाधडा सांगितलं. दवाखान्यातच बाळंत व्हायचं, कळा सुरू झाल्या की आईनं गोळी घ्यायची, बाळाला तीन दिवसांच्या आत औषध पाजायचं. नर्सबाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या आणि तिला बक्षीस म्हणून स्टीलचा डबा दिला.

हिला एवढं कसं ठाऊक, हे संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. पुढच्याच लग्नात द्रौपदानं थापलेल्या भाकऱ्यांची चळत तेवढी तशीच राहिली. त्याच औषधानं धडधाकट राहिलेल्या तिच्या पोरीला बायका अंगणातून हाकलू लागल्या. वर्ष सरलं तेव्हा कुठं लोक विसरल्यासारखे झाले.

आज नर्सबाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. द्रौपदाच्या शेजारी साक्षी बसली होती, सातवा महिना लागलेली. तिचा नवरा द्रौपदाच्या मेलेल्या नवऱ्याबरोबर एकाच ट्रकवर होता. ती जरा जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "वयनी, तुमाला येतंय ना ते? मला लई भ्या वाटतंय. सांगा की."

द्रौपदानं मांडीवरची पोर छातीशी ओढली.



"मला न्हाई ठावं, बाय."