दमानं दिलेला पीळ
एकोणनव्वद साली राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि मी अहमदाबादहून वेळणेश्वरला आईकडे आले. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रात लाखो अंश तापलेला वायू चुंबकीय रेषांच्या पिळात धरून ठेवायचा होता. पण दरवेळी तो मुरडून भिंतीवर आदळायचा आणि विझायचा. आई पडवीत काथ्याची दोरी वळत होती. दुसरं टोक धरून मीही पीळ देऊ लागले. एकाएकी दोरी उसळली आणि स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसली. “लहानपणापासून तुझं हेच गो बाय, नुसती घाई! पीळ दमानं द्यावा, तरच दोरी सरळ राहते,” आई करवादली. मी वेटोळ्याकडे बघतच राहिले. वायूतला वीजप्रवाह वाढला की रेषांचा पीळ वाढतो. आणि प्रवाह झटक्यात चढवायचा हट्ट माझाच होता. मी तेवढं वेटोळं कापून राजीनाम्याच्या कागदात गुंडाळलं. “आई, सकाळची एस्टी किती वाजता?”